चाक थांबलं म्हणून

"घाला हात, दाजी," असं मीच म्हणालो होतो. जिभेला हाड नसतं ते खरं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्या कारखान्यातले फिटर. त्या दिवशी प्लास्टिक फाडायच्या मशीनमध्ये गोणी अडकून खालची पाती जाम झाली होती. पूर्वी अशा वेळी शंभर पावलं चालत जायचं, विजेची पेटी बंद करायची, कुलूप ठोकायचं आणि चावी हात घालणाऱ्याच्या खिशात ठेवायची. मोबाइलवर अ‍ॅप आल्यापासून एवढं चालतंय कोण? बटण दाबलं की पडद्यावर चाक फिरायचं आणि मशीन बंद झालं की थांबायचं. मी दाबलं. प्लास्टिक आत नेणारा वरचा पट्टा थांबला, चाकही थांबलं. दाजींनी गोणी ओढली, पाती मोकळी होऊन फिरली आणि त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला. हाडं मोडताना मी ऐकली. चौघांनी त्यांना बाहेर ओढलं, पण हात आला नाही. माझं तोंड आणि मोबाइल रक्ताने माखला होता.

दवाखान्यात ताई एकच विचारत होती, हे झालं कसं. मला तिला द्यायला उत्तर हवं होतं, आणि त्यात मी नको होतो.

तिसऱ्या दिवशी अ‍ॅपवाल्याच्या ऑफिसात शिरलो आणि त्याला भिंतीवर आपटलं. ताई मला आवरायला मागोमाग आली होती, पण मी ऐकतोय कुठला! तो चाचरत सांगू लागला की बंद करायचे निरोप दोन जातात, एक पट्ट्याला, एक पात्यांना, आणि चाकाने दोन्ही उत्तरांची वाट बघायला हवी होती. त्याने मोजलंच नव्हतं. पहिलं उत्तर आलं की चाक बंद. पात्यांचा निरोप नेटवर्कमध्येच अडकून पडला होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

चूक याची आणि हात दाजींचा. मी त्याचं नाक फोडलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याला खाली पाडून छातीवर गुडघा दिला, तशी माझ्या खिशातून काहीतरी खणकन फरशीवर पडलं.

ताईने ते उचललं. ती वीस वर्षं फिटरची बायको आहे, तिला पेटीची चावी ओळखता येते.

"ही त्यांच्या खिशात का नव्हती?"

मी अ‍ॅपवाल्याला सोडलं. ताईने चावी मुठीत धरली आणि तीच मूठ माझ्या तोंडावर मारली, पुन्हा पुन्हा. मी हात वर केला नाही.