पन्नास मोलांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. कोणी नुसता माझ्या झाकणाला हात लावला तरी माझा जीव खालीवर होतो. हसू नका. माझी हकीकत ऐका आणि मग हवं तर खुशाल हसा.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात चुन्याचे पांढरे दाणे भरले, झाकण दाबून बसवलं आणि अंगावर छाप मारला: ३७०० ग्रॅम. माझ्याबरोबर माझा एक भाऊ भरला गेला, हुबेहूब माझ्यासारखा. आम्हा दोघांची पाठवणी थेबेकच्या डोंगरातल्या एका कोळशाच्या खाणीत झाली. तिथे जमिनीखाली खूप खोल एक आसरा-खोली होती. खोली कसली, तीन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी कोनाड्यासारखी जागा. अपघात झाला की माणसांनी आत शिरायचं, लोखंडी दार लावायचं आणि मदतीची वाट बघायची.

प्राणवायूचा सिलिंडर तिथे होता. पण बंद खोलीत माणसाला त्याचा स्वतःचाच उच्छ्वास मारतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो, डोकं ठणकतं, गुंगी येते आणि माणूस संपतो. तो वायू गिळायचा हे आमचं काम. आमच्यावर हाताने फिरवायचा पंखा बसवला की खोलीतली हवा आमच्या पोटातून फिरायची आणि दाणे तो वायू धरून ठेवायचे.

कितीतरी वर्षं आम्हाला काही काम पडलं नाही. मला त्याचा आनंदच होता. खाणकामगार दुपारी दाराशी बसून कापडात बांधलेले डबे सोडायचे, भात आणि तिखट आंबवलेल्या कोबीची किमची खायचे, चार शितं उंदरांना टाकायचे. आमच्या खाणीत उंदराला कोणी मारत नाही, कारण उंदीर फिरतोय म्हणजे हवा बरी आहे. वरून साहेब आले की आमच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, हे आपले खरे पहारेकरी. मी तेव्हा छाती फुगवून बसायचो.

आमची देखभाल ओक मान-सॉक नावाच्या कामगाराकडे होती. माणूस गोड बोलणारा, पण आळशी. एकदा त्याच्या घरच्या संडासात टाकायला चुना हवा होता. त्याने माझ्या भावाचं झाकण उघडलं, दोन मुठी चुना रुमालात बांधला आणि झाकण तसंच वरवर ठेवून दिलं. मी बघत होतो. झाकण दाब रे बाबा, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो, पण डब्याचं कोण ऐकतं?

खाणीतली हवा भावाच्या पोटात शिरायला लागली. रोज थोडी थोडी. त्याचे दाणे आपलं काम करत राहिले, कोणासाठीही नाही, उगाचच. चुन्याचा खडू होत गेला. दर महिन्याला मान-सॉक आम्हाला खोलीतल्या वजनकाट्याला लटकवायचा. रिकाम्या डब्याचं वजन वगळून काट्यावर ३७०० ला लाल रेघ होती, काटा तिच्या खाली गेला तर डबा बदलायचा. पहिले एकदोन महिने तो घाबरत घाबरत बघायचा. पण भावाचं वजन कमी होण्याऐवजी वाढतच गेलं. मान-सॉक खूश. चोरी पचली असं त्याला वाटलं असणार. मला मात्र रात्रंदिवस धडकी भरलेली. मला ठाऊक होतं की माझा भाऊ जितका जड होतोय तितका तो मरतोय.

दोन वर्षांनी ते घडलं. वरच्या बोगद्यात आग लागली आणि छत कोसळलं. धुरातून वाट काढत तिघे जण आसरा-खोलीत शिरले. मुकादम पांग दू-चिल, पन्नाशीचा, खोकला कायमचा. दुसरा हा मान-सॉक. तिसरा यू ह्ये-सोंग. तो तांत्रिक शाळा अर्धवट सोडून खाणीत आला होता, म्हणून सगळे त्याला चिडवून ‘मास्तर’ म्हणायचे. त्यांच्या पायांतून एक उंदीरही आत आला.

भिंतीवरचा फोन तेवढ्यापुरता चालू होता. वरून सांगितलं, दगड हलवायला कमीत कमी सत्तावीस तास. मग फोनही बंद पडला. मुकादम म्हणाला, जो जड आहे तो डबा आधी घ्या. भावावर पंखा बसला.

दोन तास ते आळीपाळीने पंखा फिरवत होते. दोन तासांनी तिघांची डोकी ठणकायला लागली. मुकादम धापा टाकत होता. ह्ये-सोंगने भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. आमचे दाणे काम करत असले की डबा गरम होतो. भाऊ गार होता. ह्ये-सोंगने त्याला काट्याला लटकवलं. काटा ४७०० च्या पुढे गेला.

“छापलेत सदतीसशे,” तो हळू आवाजात म्हणाला. “वरचे हजार कुठून आले?”

मान-सॉकचा चेहरा कोळशाच्या काजळीतूनही पांढरा दिसला. त्याने सगळं सांगून टाकलं. मुकादमाने डोळे मिटून घेतले. मग मान-सॉकच रडवेल्या आवाजात म्हणाला, पण वजन वाढलं होतं ना, जास्त होता ना माल?

ह्ये-सोंगने भावाच्या पोटातला एक पांढरा खडा घेतला आणि काळ्या भिंतीवर आकडे मांडले. रागावला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. तो म्हणाला, चुन्याचे आणि वायूचे कण इतके बारीक की मोजता येत नाहीत, म्हणून वजनावरून मोजायचे. ठरलेल्या एका प्रचंड संख्येइतके कण म्हणजे एक मोल. एक मोल सोयाबीनचे दाणे आणि एक मोल टपोरी चेस्टनट फळं घेतली तर संख्या तीच, वजन वेगळं, तसंच हे. एक मोल चुना ७४ ग्रॅम, एक मोल कार्बन डायऑक्साइड ४४ ग्रॅम. चुन्याचा एक कण वायूचा एकच कण धरतो, दुसरा नाही. धरला की थोडं पाणी सुटतं आणि उरतो तो १०० ग्रॅम खडू. म्हणून जड झालेला डबा म्हणजे जेवून बसलेला डबा.

मग त्याने माझा हिशोब केला. ३७०० भागिले ७४. पन्नास मोल. माझ्या आयुष्याचा आकडा मी पहिल्यांदाच ऐकला. माणूस घाबरलेला असला की तासाला साधारण एक मोल वायू सोडतो. तिघांचे तीन. म्हणजे सोळा-सतरा तास. आणि अजून पंचवीस तास काढायचे होते.



“गप पडून राहिलो तर?” मुकादमाने विचारलं.

“तिघांचे मिळून दोन मोल धरू. पन्नास भागिले दोन, पंचवीस. बरोबर बसतंय, पण एक श्वासही शिल्लक नाही.”

“आणि उंदराचे?”

“उंदराचं शून्य धरलंय, दादा.”

“बरं केलंस. त्याला मी बाहेर घालवणार नव्हतोच.”

माझ्यावर पंखा बसला. माझं पोट गरम झालं आणि माझी भीती दुप्पट झाली. पन्नास, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. माझ्यातला एकेक कण वायूचा एकेक कण पकडत होता आणि कायमचा खडू होत होता. आधीच्या दोन तासांत साचलेलंही मलाच गिळायचं होतं, ते ह्ये-सोंगने हिशोबात धरलंच नव्हतं. त्यात मुकादमाला खोकल्याची उबळ आली की मी आतल्या आत शहारायचो. खोक, पण हळू खोक रे, माझ्याकडे फार नाहीये!

माझ्यावर पंखा बसल्यापासून दहाव्या तासाला मान-सॉक उठून बसला. तो भिंतीवरच्या आकड्यांकडे टक लावून बघत होता. आयुष्यात त्याने बहुधा पहिल्यांदाच गणित मन लावून समजून घेतलं होतं. तीनऐवजी दोन माणसं असली तर काय होईल, हे त्याला कळलं होतं. तो रांगत दाराशी गेला आणि त्याने कडीला हात घातला. मला ओरडायचं होतं. पंखा फिरवणाऱ्या ह्ये-सोंगची पाठ त्याच्याकडे होती.

“दार उघडलंस तर बाहेरचा धूर आत येईल, शहाण्या,” मुकादम डोळे न उघडता म्हणाला. “आणि तुला मार खायचाच असेल तर वर गेल्यावर तुझी बायको आहे. चल, पड गप.”

मान-सॉक तिथेच भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागला. ह्ये-सोंग सरकत जवळ गेला आणि म्हणाला, “रडू नको. रडण्यात फार मोल जातात.” मान-सॉकने तोंडात बाही कोंबली. मग तो खरंच गप पडला आणि त्याला झोप लागली.

माझ्या कामाच्या बाविसाव्या तासाला माझं पोट गार पडायला लागलं. शेवटचे काही कण कोपऱ्यात उरले होते, मग तेही गेले. मी संपलो, मित्रांनो. मी संपलो होतो आणि ते तिघे अजून श्वास घेत होते. याहून मोठी भीती मला माहीत नाही.

ह्ये-सोंगने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याला लगेच कळलं. त्याने झोपलेल्या दोघांकडे पाहिलं. पंख्याचा आवाज थांबताच मुकादमाने चुळबुळ करून विचारलं, “काय रे मास्तर, गरम आहे ना डबा?”

“गरम आहे, दादा,” ह्ये-सोंग म्हणाला. “झोपा तुम्ही.”

आणि तो पुन्हा पंखा फिरवायला लागला. हळू, अगदी हळू, आपला श्वास वाढणार नाही इतक्या हळू. माझ्या पोटातून हवा जशी यायची तशीच बाहेर पडत होती. त्या पंख्याचा काडीचाही उपयोग नव्हता. पण तो आवाज ऐकत दोघे शांत पडून होते, आणि शांत पडलेला माणूस कमी वायू सोडतो, हे त्या अर्धवट शाळा शिकलेल्या मास्तरला माहीत होतं. तीन तासांहून जास्त वेळ त्याने तो पंखा फिरवला. त्याचे ओठ निळे पडले होते, मान खाली पडत होती, तरी हात थांबला नाही. दारावर बाहेरून घण वाजले तेव्हाही तो फिरवतच होता. वर नेताना लोकांना त्याची बोटं दांडीवरून एकेक करून सोडवावी लागली.

तिघेही जगले. मान-सॉकने वर जाऊन साहेबांसमोर आपली चूक स्वतः सांगितली. मला आणि माझ्या भावाला आता खाणीच्या तोंडाशी एका फळीवर ठेवलंय. आमच्या दोघांच्याही पोटात खडू आहे.

मित्रांनो, मी आता कोणाच्याच उपयोगाचा नाही, पण एक विनवणी करतो. तुमच्या घरात, शाळेत, प्रयोगशाळेत माझ्यासारखे डबे असतील. कोणी बघत नसलं तरी त्यांचं झाकण परत एकदा दाबून बघा. आत कोणाचे किती तास ठेवलेले आहेत, हे बाहेरून दिसत नाही हो.