ऋताची जागा

ऋता आणि शु-एन चार वर्षं एकाच होडीत बसत होत्या. पासिर रिसच्या किनाऱ्यावर त्यांच्या सी स्काउट पथकाच्या शिडाच्या होड्या असत. सुकाणू शु-एनच्या हाती आणि पुढच्या लहान शिडाचा दोर ऋताकडे. होडी वळवायची वेळ आली की दोघी न बोलता एकदम बाजू बदलायच्या. मोठ्या वयोगटात गेल्यावर मार्चमधल्या शर्यतीत उतरायचं, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

पण जानेवारीत ऋताच्या बाबांच्या कंपनीने तुआसचा कारखाना बंद केला. दुसरी नोकरी मिळेना, तिथे राहण्याच्या पासची मुदत संपत आली, आणि फेब्रुवारीअखेर पुण्याला परतायचं ठरलं.

"शर्यतीपुरती मी शु-एनकडे राहते ना," ऋता म्हणाली.

"आणि पासचं काय?" बाबा म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "राहता आलं असतं तर मी तरी निघालो असतो का गं?"



पथकप्रमुख मिस्टर गोह यांनी तिच्या जागी नूरिनला घेतलं. नूरिन बेडोक भागातली, ऋताहून लहान, अबोल. "तूच शिकव तिला," ते ऋताला म्हणाले.

ऋताने शिकवलं. दोर किती ओढायचा, अंग बाहेर किती झोकायचं, सगळं. एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. होडी वळवण्याआधी शु-एन नकळत डावा पाय मागे ओढते. ऋता त्या पायावर नजर ठेवून असायची. तेवढं तरी आपल्याकडे राहावं, असं तिला वाटत होतं.

निघायच्या आधीच्या शनिवारी जोराचा वारा होता. शु-एन आणि नूरिन होडी घेऊन गेल्या. ऋता मिस्टर गोह यांच्याबरोबर सेफ्टी बोटीत बसली. समोर उबिन बेट दिसत होतं. त्या पाण्यावर ती पहिल्यांदाच नुसती बघायला आली होती.

होडी वळली. नूरिनला उशीर झाला, आणि बघता बघता शीड पाण्यावर आडवं पडलं. दोघींनी होडी सरळ केली; पण सेफ्टी बोट जवळ गेली तेव्हा नूरिन रडत होती.

"मला नाही जमणार. शु-एन कधी वळणार हे तुला कळतं. मला कळत नाही."

शु-एन केस पिळत तिथल्या बोलीत म्हणाली, "जमेल लाह! ऋतासुद्धा आधी कितीदा पडलीय!"

 ऋताने वाकून नूरिनला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "तिचा डावा पाय बघ. वळायच्या आधी ती तो मागे घेते. तिचं तिलाही माहीत नाही."

पुढच्या वळणाला दोघी एकदम हलल्या. त्याच्या पुढच्या वळणालाही. होडी लांब गेली, तशा आत कोण बसलंय हे ओळखू येईना. चार वर्षं किनाऱ्यावरून आपण अशाच दिसत असू, असं ऋताच्या मनात आलं, आणि तिने तोंड दुसरीकडे फिरवलं.  मिस्टर गोह यांनी इंजिन बंद केलं आणि बोट बराच वेळ तशीच पाण्यावर राहू दिली.

मार्चमध्ये पुण्यात आधीच ऊन तापायला लागलं होतं. फोन आला तेव्हा ऋता सोसायटीच्या गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. पलीकडे वारा, ओरडाआरडा आणि शु-एनचा आवाज. "थर्ड लाह! थर्ड!" मागून नूरिन काहीतरी ओरडत होती, ते नीट ऐकू आलं नाही. ऋताही ओरडली, हसली. मग त्यांना बक्षिसासाठी बोलावलं आणि फोन बंद झाला.

आई जिना चढून वर आली. "काय गं, कसला गोंधळ?"

"तिसरा नंबर आला."

"कुणाचा?"

"आमच्या होडीचा," ऋता म्हणाली.

आईने तिच्या हातातले कपडे घेतले आणि तिच्याजवळ कठड्याशी उभी राहिली. दोघींच्या समोर दूरपर्यंत नुसत्या इमारती होत्या.