ओलं प्लास्टिक

सिद्धेश्वर सरांना गोदावरीचा पुळका आला तो नेमका ॲडमिशनच्या दिवसांत. लातूरहून येऊन नांदेडात क्लास थाटलेला हा माणूस. पुलावरून जाताना गाडीची काच खाली करून त्यांनी कधी नदीकडे पाहिलं असेल तर शपथ. पण शेजारच्या क्लासवाल्यांनी झाडं लावली, त्यांचा पेपरात फोटो आला आणि सरांच्या पोटात दुखायला लागलं. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "महादेवी मॅडम, आपण घाट साफ करायचा. बॅच सुरू होईपर्यंत दर रविवारी. जो विद्यार्थी सगळ्यात जास्त प्लास्टिक काढेल, त्याला सुपर बॅचमध्ये फुकट सीट."

मी या क्लासच्या काउंटरवर बसते. माहेर उदगीरचं, जीभ तिखट, आणि पालक नावाच्या जमातीवर माझा काडीचा विश्वास नाही. डॉक्टर व्हायचं तर सुपर बॅचच पाहिजे, असं अख्ख्या गावाच्या डोक्यात बसलंय. त्या बॅचची फी ऐकून चांगली धडधाकट माणसं माझ्यासमोर खुर्ची शोधतात.

मुबश्शिराच्या अब्बांनी खुर्चीसुद्धा शोधली नाही. अकरमभाईंचं इतवाऱ्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पोरीनं बॅचची चाचणी झटक्यात पास केली होती. फी कळल्यावर दोघं मुकाट्यानं निघाली, तेव्हा मीच म्हटलं, सरांना भेटा, काही तरी सवलत करतील. अकरमभाईंनी हात जोडले. "मॅडम, हमना खैरात नको." म्हणून ही फुकट सीट जाहीर झाल्याबरोबर मी आधी मुबश्शिराला फोन केला. ही खैरात नव्हती, कष्टाची सीट होती. आणि तिला डॉक्टर व्हायला दुसरा रस्ता मला तरी दिसत नव्हता.

पहिल्या रविवारी मी गोवर्धन घाटावर वजनकाटा टांगला आणि पालकांनी आपले रंग दाखवले. दुधाच्या पिशव्या, फरसाणाची पाकिटं, शाम्पूच्या बाटल्या, सगळं घरून पोत्यात भरून आणलेलं. खडखडीत कोरडं. एका बाईच्या पोत्यातून तर कढीपत्त्याचा वास येत होता. मी सरांना सांगितलं. सर भौतिकशास्त्राचे, त्यामुळे उपाय लगेच सापडला. "फक्त ओलं प्लास्टिक धरायचं."

झालं. पुढच्या रविवारपासून शिक्षक, वकील, तहसीलमधले साहेब, सगळे घाटाच्या शेवटच्या पायरीवर उकिडवे बसून घरचं पोतं नदीत बुडवायला लागले. गणपतीला देतात तशा तीन-तीन बुचकळ्या. पाण्याला धार होती. बुडवताना सुटायचं ते बिलोलीच्या दिशेनं निघून जायचं आणि त्याची कुणाला फिकीर नव्हती. घाट आमच्या मोहिमेआधी होता त्यापेक्षा घाण दिसायला लागला. मला इतका संताप यायचा, की काटा उचलून एकेकाच्या डोक्यात घालावा.

मुबश्शिरा मात्र झुडपांत शिरून, गाळात हात घालून प्लास्टिक काढायची. बाटलीतला गाळ ओतून टाकायची, पिशव्या झटकायची आणि मग पोत्यात भरायची. "अगं राहू दे की चिखल आत, वजन वाढेल," मी एकदा तिच्या कानात म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच तोंड फिरवलं. तरीही तीच पुढे होती. तिच्या मागोमाग होता वरद.

वरद म्हणजे शेषेरावांचा मुलगा. शेषेरावांचं मोठं मंगल कार्यालय आहे, पैशाला कमी नाही. पण वरद चाचणीत आपटला होता, आणि फुकट सीटला चाचणीची अट घालायची सर विसरले होते. ही फट शेषेरावांना बरोबर दिसली. दर रविवारी त्यांचा टेम्पो यायचा. वरद पायरीवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा, बाप पोती बुचकळायचा.

शेवटच्या रविवारी शेषेराव लग्नाचा अख्खा कचरा घेऊन आले. प्लास्टिकचे ग्लास, ताटल्या, त्यांना चिकटलेला मसालेभात. सगळ्यात मोठं पोतं त्यांनी पाण्यात लोटलं आणि त्याचं तोंड सुटलं. बघता बघता सगळी नदी पांढऱ्या ग्लासांनी भरून गेली. शेषेराव पायरीवरून वाकून हातवारे करत राहिले. वरदनं मोबाइलवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मुबश्शिरा कमरेएवढ्या पाण्यात उतरली. मागून अकरमभाई उतरले. बापलेकींनी ओढणीची झोळी करून ग्लास, ताटल्या गोळा केल्या, मिळेल तेवढं काठाला आणलं. पोती काट्याला लागली आणि वरद पार मागे पडला. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

"ओ मॅडम, थांबा!" शेषेराव धापा टाकत आले. "ते वजन वरदच्या नावावर धरा. माल माझा हाय."

"तुमचा कसा? तिनं नदीतून काढलाय."

"नदीत कुनी टाकला? म्याच टाकला ना! परवा कार्यालयात लगीन झालं, त्याचेच गिलास हायेत. आमच्या ड्रायव्हरला इचारा. म्या सोताच्या हातानं टाकलेत."

चारचौघांत, छातीवर हात ठेवून सांगत होता माणूस! मला वाटलं, आता हा मेला. आता लोक याला सोडत नाहीत. मी आजूबाजूला पाहिलं. तहसीलवाले साहेब मान डोलवत म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." वकिलांनीही होकार भरला. का भरणार नाहीत? प्रत्येकाच्या पायाशी स्वतःचं ओलं पोतं होतं.

"काका, मग तुम्ही नदीत कचरा टाकला, असं म्हणा ना," मुबश्शिरा म्हणाली.

"ए पोरी, कचरा कुठला? माल हाय तो माझा. लई शहाणी होऊ नको."

मी तिथूनच सरांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन सर म्हणाले, "मॅडम, ताणू नका. यंदाच्या सत्काराला शेषेराव हॉल देऊन राहिलेत, जेवणसुद्धा त्यांचंच आहे. ज्याचा माल त्याचं वजन. मुलीला शाल-श्रीफळ देऊ."

"सर, तिला शाल घेऊन काय करायचंय?"

"मॅडम, नोकरी करायची आहे ना?" फोन बंद झाला.

सत्कार शेषेरावांच्याच हॉलमध्ये झाला. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले गुच्छ टेबलावर रचून ठेवलेले. सूत्रसंचालन माझ्याकडे, क्लासच्या दरवर्षीच्या सत्कारात असतं तसंच. वरदला सीट जाहीर करायची वेळ आली तेव्हा मी हातातला कागद बाजूला ठेवला. डोकं तापलं होतं आणि नोकरी गेली तर गेली, असं मी ठरवून टाकलं.

"ज्यांनी आपल्या कार्यालयातल्या लग्नाचा कचरा टेम्पोत भरून आणला," मी माइकवर सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाले, "स्वतःच्या हातानं गोदावरीत टाकला, दुसऱ्याच्या लेकीनं तो पाण्यात उतरून काढला तेव्हा माल माझा म्हणून तिची सीट आपल्या नापास मुलाला मिळवून दिली, असे आपले शेषेराव. मी त्यांना विनंती करते, त्यांनी मंचावर यावं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्कारात नाव कानावर पडेपर्यंत कोण ऐकतं? शेषेराव चारही दिशांना नमस्कार करत वर आले. सरांनी त्यांना फेटा बांधला. खाली बसलेल्या बायका जेवणाच्या पंगतीकडे बघून टाळ्या वाजवत होत्या. माझ्याजवळून जाताना सर हळूच म्हणाले, "छान, पण थोडं आटोपतं घ्या."

मी माइक सोडून पायऱ्यांशी आले. तिथं मुबश्शिरा उभी होती, खांद्यावर मघाशी मिळालेली शाल. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माझा शब्दन् शब्द ऐकणारी ती एकटीच. मला वाटलं, निदान ही तरी हसेल.

"चांगलं बोललात, मॅडम," ती म्हणाली. "तुमचं मन मोकळं झालं. माझी सीट?"

तिचे डोळे कोरडे होते आणि राग शेषेरावांवर नव्हता, माझ्यावर होता. मागून सर पुढचं नाव पुकारायला हाका मारत होते. मी वळले आणि पुढचं नाव पुकारलं.