सुषमाचा संगणक आणि नारळाचे पाणी

मित्रांनो, मला पाहून हल्लीची मुले म्हणतात, "हा तर नुसता कीबोर्ड! बाकीचा कुठाय?" हसू नका. मी एक जुना घरगुती संगणक आहे आणि आहे तो सगळा इथेच आहे. पडदा म्हणून मला टीव्ही लागतो आणि आठवण ठेवायला कॅसेट.

पाटसच्या हौसरावांनी, म्हणजे आबांनी, मला थोरल्या लेकीसाठी, सुषमासाठी आणले. आबा साखर कारखान्यात कामाला होते. सुषमाने मला फार जीव लावला. कॉलेजात असताना तिने एक प्रोग्रॅम लिहून कॅसेटवर उतरवला. "आबा, बघा ना, तुमच्यासाठी केलाय." आबा पाळीवरून दमून आले होते. "उसाचं गाळप संपू दी, मग निवांत बघतो," म्हणाले. गाळप संपायच्या आधीच सुषमा काविळीने गेली. कॅसेट कपाटात गेली आणि माझ्यावर फडके पडले.

आबांना मला चालू करता येत नव्हते, पूजा मात्र येत होती. दर खंडेनवमीला विळे, पाने-पक्कड, मोटारसायकल यांच्या रांगेत ते मलाही मांडत. हळदकुंकू, झेंडू आणि फोडलेल्या नारळाचे पाणी. सगळ्यांवर थेंब थेंब आणि पोरीचा म्हणून माझ्यावर जरा जास्तच. माझा जीव गुदमरायचा. पण डोळे भरून आलेल्या माणसाला नको कसे म्हणणार?

आबांचा एक डोळा आधीच गेला होता; यंदा दुसऱ्यालाही दिसेनासे होऊ लागले. "पार अंधार व्हायच्या आत सुषीनं काय केलं हुतं त्ये बघायचंय," ते धाकट्या लेकीला, अनुपमाला म्हणाले. ती दौंडहून सोल्डरिंगचे सामान घेऊन आली.

"दुरुस्तीवाला दुकानदार भंगारात द्या म्हनतोय. आपनच उघडू, आबा."

आधी तिने मीटर लावला. वीज आत येत होती. मग स्क्रू काढले. एक कपॅसिटर फुगला होता, तो बदलला. पडदा काळाच. चिपा काढून त्यांचे पाय स्पिरिटने पुसले. तरी काळाच. शेवटी भिंग धरले, तेव्हा बोर्डावर हिरवा गंज दिसला. त्याने तांब्याची रेघ खाऊन टाकली होती. कडेला कुंकवाचा खडा घट्ट बसला होता.

"आबा, हितं पानी कुठनं आलं?"

आबांनी चाचपत त्या कुंकवाच्या खड्यावर बोट ठेवले. "म्हंजी म्याच मारलं व्हय गं ह्याला?"

"तुमाला कुठं ठाव हुतं," असे म्हणून अनुपमा तुटक्या रेघेवर बारीक तार जोडू लागली. तिला नीट दिसत नव्हते, सारखी डोळे पुसत होती.

मी जागा झालो. कॅसेट किरकिरली, अडली, पुन्हा लावल्यावर चालली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक ओळ उमटली. आबा टीव्हीला अगदी चिकटून उभे राहिले, पण अक्षरे त्यांना लागेनात. अनुपमाने वाचून दाखवले.

"आबा, आलात? जेवलात का?"

"न्हाई गं पोरी," आबा म्हणाले. "अजून न्हाई."

मला फार वाटले, पुढे काहीतरी बोलावे. पण सुषमाने मला तेवढेच शिकवले होते. ओळीखाली नुसता चौकोन लुकलुकत राहिला आणि आबा उत्तराची वाट बघत उभे राहिले.

मित्रांनो, माया असेल तर आम्हाला कोरडे ठेवा, अधूनमधून चालू करा. आणि घरच्या कुणी काही दाखवायला आणले, तर ते त्याच दिवशी बघा.