उणे पन्नास टक्के

चौघांचा संशोधनाचा पेपर छापून आला त्या सकाळी धाकटीचं आधी सांत्वन झालं आणि मग अभिनंदन, आणि दोन्ही एकाच कारणासाठी: तिचं नाव शेवटी होतं.

धाकटी घरातही धाकटी आणि गटातही. माणसं एक नोकरी सोडून दुसरी धरतात ती कशी, हा प्रश्न कामगार-अर्थशास्त्राच्या बाईंचा. डब्यात कोंडलेल्या वायूचे कण एकमेकांवर आपटत जागा बदलतात तशी, हे उत्तर भौतिकवाल्याचं. हे आपटणं शेवटी स्थिरावतं, ही सिद्धता गणितीबुवांची. आणि लाखो माणसांच्या नोंदींवर हे खरं ठरतं की नुसतंच छान दिसतं, ते चालवून बघणारा प्रोग्रॅम धाकटीचा. तिची नोकरी कराराची, करार संपत आलेला, आणि कायम जागेच्या मुलाखतीत दाखवायला हा एकच पेपर. एकच कोट असावा आणि तोच लग्नाला नि तोच मयताला घालावा, तशी गत.

भौतिकवाला जिन्यात भेटला.

"वाईट वाटलं गं," तो म्हणाला. "आमच्यात शेवटचं नाव म्हणजे ज्यानं खुर्च्या लावल्या, त्याचं."

"पण क्रम लावला कोणी?"

"मी नाही बाई. मी लावला असता तर दुसरा राहिलो असतो का?" एवढं बोलून त्यानं मोठा उसासा टाकला. तो नक्की कोणासाठी होता, ते तिला कळलं नाही.

वरच्या मजल्यावर संगणक विभागाचे प्रमुख दारातच उभे होते. "अभिनंदन! शेवटचं नाव! आमच्यात ते गटाच्या म्होरक्याचं. आणि या वयात? बोलली नाहीस कधी!"

"नाही सर, तसं काही..."

"विनय पुरे. मुलाखतीला मीच आहे समोर."

एका मजल्याच्या चढणीत खुर्च्या लावणारीची म्होरकी झाली. रागवायचं की हुरळायचं, हे न ठरल्यामुळे तिनं दिवसभर दोन्ही अर्धं अर्धं केलं, आणि दोन्ही बिघडलं.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या.

"सगळ्यात खालचं नाव? पाटीवर ते माझं असायचं. रंगवणार अमुक-अमुक, बारीक अक्षरात." त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "मग तू रंगवलंस की काय?"

"बहुतेक," धाकटी म्हणाली. आता अर्थ तीन झाले.

दुसऱ्या दिवशी चौघं जमले तेव्हा तिनं विषय काढला. क्रम गणितीबुवांनी लावला होता आणि त्यांना प्रश्नच समजेना.

"अगं, वर्णानुक्रम! दुसरं असतं काय? तुझं आडनाव वर्णमालेच्या शेपटाला लोंबतंय, त्याला मी काय करू? पणजोबांना विचार."

"पण सर, वाचणाऱ्याला कळणार कसं?"

"ज्यांना कळत नाही ते वाचतात कशाला?"

"आमच्यातही वर्णानुक्रमच असतो," बाई म्हणाल्या, "पण नुकसान शेपटाकडच्यांचंच होतं. असं करू, एक तळटीप जोडू. कोणाचा वाटा किती, टक्क्यांत. प्रत्येकानं आपापला लिहा."

कागद फिरला. भौतिकवाल्यानं पन्नास लिहिले. कल्पना त्याची होती. गणितीबुवांनी चाळीस लिहिले, आणि आपल्याला नम्र म्हणावं अशा चेहऱ्यानं कागद पुढे सरकवला. बाईंनी साठ लिहिले. कागद शेवटी धाकटीकडे आला. घरचं वळण असं, की ताटात उरेल ते आपलं. तिनं लिहिलं, "उरेल तो माझा."

गणितीबुवांनी बेरीज केली आणि पेन खाली ठेवलं.

"दीडशे झाले. म्हणजे तुझे उणे पन्नास."

"कुठे तरी चुकलंय," भौतिकवाला म्हणाला.

"बेरीज चुकलेली नाही!" गणितीबुवा दुखावले.

"म्हणजे ही नसती," बाई आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तर पेपर दीडपट झाला असता?"

"मग तुमचे कमी करा ना, बाई," भौतिकवाला म्हणाला.

"माझे कशाला? साठात तुम्हा तिघांचा चहासुद्धा धरलाय."

कोणीच एक टक्का सोडला नाही. तळटीप बारगळली. धाकटीच्या डोक्यात मात्र तो उणे पन्नास रुतला. दीडपट झाला असता? तिला आठवत गेलं, तसा तिचा चेहरा आणखी गोंधळला. झाला असता की!

मुलाखतीला प्रमुखांनी शेजारच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेला तिची ओळख करून दिली ती अशी: "ही त्या गटाची म्होरकी."

गप्प बसली असती तर जागा खिशात होती. धाकटी काही फार सत्यवादी नव्हती, पण चार अर्थ डोक्यात घेऊन एकावर बसणं तिला जमेना.

"सर, ते नुसतं आडनाव आहे. वर्णानुक्रम."

प्रमुखांचा चेहरा पडला. प्राध्यापिकेचा उजळला, तिच्या लेखी ही इतका वेळ खुर्च्या लावणारी होती. "मग तुमचा वाटा किती?"

"उणे पन्नास टक्के," धाकटीच्या तोंडून गेलं.

आता ते निस्तरणं तिला भाग होतं.

"म्हणजे... नोंदींत नोकरी बदलणारे जितके दिसत होते, त्यातल्या पुष्कळांनी काही बदललंच नव्हतं. माणूस त्याच खुर्चीत. कंपनीनं नाव बदललं, की आमच्या नोंदींत तो नव्या नोकरीला लागायचा. मी तसे सगळे शोधून काढून टाकले. सात महिने गेले. तिघंही माझ्यावर वैतागले, कारण पेपरातले तीन सुंदर आलेख गळाले. पण राहिलंय ते खरं आहे." ती थांबली. "बहुतेक."

"बहुतेक?" प्राध्यापिकेनं विचारलं.

"तुम्ही तपासलंत तर नक्की सांगता येईल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला बाहेर बसायला सांगितलं, मग घरी जायला सांगितलं.

आठवड्यानं सूचनाफलकावर निवडलेल्यांची यादी लागली. जागा तीन, नावं तीन, तिसरं तिचं. वर्णानुक्रम की गुणानुक्रम? वरची दोन नावं दोन्ही हिशेबांत चपखल बसत होती. तिनं कारकुनाला विचारलं.

"मला आली तशी चिकटवली," तो म्हणाला. "तुम्हाला पाहिजे तर उलटी चिकटवतो."

तिनं अण्णांना फोन लावला.

"लागलीस ना?"

"लागले. पण अण्णा, नाव..."

"शेवटी?"

"शेवटी."

"मग आनंद करायचा की नाही, ते एकदाचं सांग बघू."

"तुम्ही करायला घ्या," धाकटी म्हणाली. "मी चौकशी करून येतेच."