दोन किल्ल्यांचं दार

ज्या खिडकीमागे बसून मी आयुष्यभर लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या, त्याच खिडकीतून आता बिअरचे ग्लास बाहेर येतात. सही कुणी मागत नाही. गिऱ्हाईकं मात्र अजूनही नकळत रांग लावतात आणि पहिला ग्लास रिकामा होईपर्यंत हळू आवाजात बोलतात. इमारतीचा धाकच तसा आहे.

पबची मालकीण माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी. मी इथल्या बँकेची हेड कॅशियर होते आणि भाचीचे वडील, माझे भाऊजी, याच शाखेचे मॅनेजर. ताईसाठी हे स्थळ मीच आणलं होतं, तेव्हा तक्रार करायची सोय नाही. ऑफिसात ते साहेब, घरी भाऊजी, आणि हट्टी दोन्हीकडे सारखेच.

पुढे आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, शाखा उठली. इमारतीत कुणी बुटांचं गोदाम केलं, कुणी मांडववाल्याच्या खुर्च्या रचल्या, शेवटी कबुतरांनी ताबा घेतला. मग भाचीने ती भाड्याने घेतली आणि फरशी अशी घासून काढली की माझ्या नोकरीतही मी ती इतकी स्वच्छ पाहिली नव्हती. पितळी जाळ्या ठेवल्या, जुने फोटो लावले. स्ट्राँगरूममध्ये बिअरची पिंपं ठेवली, कारण भर उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो. तिचं ते अवजड पोलादी दार लाकडी पाचर ठोकून कायमचं उघडं ठेवलं. साहेबांची केबिन मात्र तिने जशीच्या तशी राखली, फिरत्या खुर्चीसकट. टेबलावर पाटी ठेवली: 'राखीव'.

त्या खुर्चीत कधी कुणी बसलं नाही. शाखा बंद झाली त्या दिवशी भाऊजी रागाच्या भरात म्हणाले होते, "या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही." कुणी विचारलंही नव्हतं, पण शब्द म्हणजे शब्द. दारूचं त्यांना वावडं नाही. रविवारी घरी स्वतः एक पेग भरतात आणि शेंगदाणे भाजायला ताईला उठवतात. भाची दर वर्षी वर्धापनदिनाला बोलवायची, ते दर वर्षी पाठदुखी काढायचे. हळूहळू तिने मनाशी धरलं की बाबांना आपल्या धंद्याची लाज वाटते. तोंडाने कधी बोलली नाही, नुसती ती पाटी पुसत राहायची. मला ते बघवेना.

यंदा पबला दहा वर्षं झाली. वर्धापनदिनाच्या दुपारी मी मुद्दाम लवकर गेले. स्ट्राँगरूमपाशी कुणी नाही असं पाहून पाचर काढली आणि सगळा भार टाकून दार ढकललं. धप्प आवाज झाला. बारमन धावत आला, हँडलला लोंबकळला. दार ढिम्म हलेना.

"उगाच ओढू नकोस, खांदा उतरेल," मी म्हटलं. "लॉक झालंय ते."

भाचीचं तोंड एवढंसं झालं. "मावशी, सगळी पिंपं आत आहेत! संध्याकाळी लोकांना काय पाजू, नळाचं पाणी?"

"घाबरतेस कशाला? दोन किल्ल्या एकदम फिरवल्या की उघडतं. निरोपाच्या वेळी आठवण म्हणून आम्हाला दिल्या होत्या. एक माझ्या पर्समध्ये आहे. दुसरी तुझ्या बाबांकडे."

"ते नाही यायचे," ती म्हणाली.

मी फोन लावला. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. "लागलं कसं?"

"आपोआप."

"आपोआप," ते म्हणाले. "बरं. येतो."

आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, बुटांना पॉलिश करून. मागून ताई, तिचं हसू लपत नव्हतं. उंबऱ्याशी भाऊजी थबकले, पायपुसण्यावर बूट घासले आणि इकडेतिकडे न बघता थेट स्ट्राँगरूमशी आले.

"हेड कॅशियर, किल्ली."

"आणली, साहेब." माझ्या तोंडून आपसूक निघालं.

नेहमीसारखे दोघं शेजारी उभे राहिलो, किल्ल्या घातल्या. एक, दोन, तीन. मी माझी फिरवली. भाऊजींनी भिंतीला पाय लावून हँडल ओढलं, बिजागऱ्या करकरल्या आणि दार उघडलं. बारमनने टाळ्या वाजवल्या.

भाऊजी वळले आणि केबिन समोर आली. खुर्चीकडे, मग पाटीकडे बघत राहिले. "हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, बाबा."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." तिने सवयीने पाटी पुसली. "मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते."

"लाज? तुझी?" भाऊजी मटकन खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसायला लागले, पण पुसायचं होतं ते चष्म्यावर नव्हतं. "तू खुर्ची सांभाळलीस, पोरी, आणि मी गाढव शब्द सांभाळत बसलो."

तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले. मी आणि ताई शेंगदाणे आणायचं निमित्त करून बाजूला झालो. दोघी रडलो, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी पब गच्च भरला. साहेब केबिनमध्ये ग्लास घेऊन ऐटीत बसले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटोंमधल्या चुका सांगत होते. मी बशी ठेवायला गेले तर बोटाने जवळ बोलावलं.

"इतकी वर्षं हेड कॅशियर होतीस ना? आपलं ते दार बंद करतानाही दोन्ही किल्ल्या लागायच्या. नुसतं ढकलून ते लॉक होत नाही, गंजून घट्ट बसतं."

मी कानापर्यंत लाल झाले. रोज संध्याकाळी दोघांनी मिळून लावलेलं दार, आणि मी हेच विसरले! "पण आपण आत्ताच किल्ल्या फिरवल्या की."

"तू फिरवलीस. मी नुसती धरून उभा होतो."

"म्हणजे फोनवरच कळलं होतं तुम्हाला? मग आलात कशाला?"

भाऊजींनी दोन शेंगदाणे तोंडात टाकले. "दहा वर्षं वाट बघतोय, कुणीतरी एखादी बरी थाप मारेल म्हणून. फार उशीर केलास."