रेघेच्या अलीकडे

मी बेस गिटार बोलतेय. चार जाड तारा, लांब मान, वजनाला भारी आणि स्वभावाला त्याहून भारी. गोड बोलणारं कुणी हवं असेल तर व्हायोलिनकडे जा, ती मागितलं तर रडूनही दाखवते. माझा माणूस गेला आणि त्याच्या मागे लोकांनी त्याच्या नावानं जे काही चालवलं, ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणून आज तोंड उघडलंय.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे कौतुकाचं काही नव्हतं. एका दांडीला टांगलेल्या आम्ही सगळ्या सारख्याच, सगळ्यांच्या मानेवर पितळी पट्ट्या बसवलेल्या. वादक त्यांना फ्रेट म्हणतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठंही बोट ठेवा, सूर बरोबरच येतो. आंधळ्याच्या हाती काठी द्यावी तशी ती सोय.

मला ज्यानं दुकानातून घरी आणलं, त्याला सगळे मुक्या म्हणायचे. मुका नव्हता हो, बोलायचा कंटाळा होता त्याला. शेजाऱ्यानं जिन्यात गाठून तासभर गप्पा हाणल्या तरी हा "हं" वर भागवायचा. पण मी हातात आले की त्याची अशी काही टकळी सुरू व्हायची की विचारू नका.

घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं मला जेवायच्या टेबलावर उताणं पाडलं आणि पक्कड घेऊन माझ्या सगळ्या पट्ट्या उपटल्या. खाचांत फिकट लाकडाच्या काड्या भरल्या. आता मानेवर पट्ट्या नाहीत, नुसत्या रेघा. बोट केसभर इकडे-तिकडे झालं तर सूर गेलाच म्हणून समजा. लग्न होऊन महिना-दोन महिने झालेली त्याची बायको दारात उभी होती.

"चांगल्या वस्तूचं वाटोळं का करतोयस?" ती म्हणाली.

"आता बोलेल ती," तो म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच झालं.

बायको मला सवत म्हणायची. मीही तिला काही कमी पाण्यात पाहिलं नाही. ती चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी राहून लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायची आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागायची. हा खुर्चीत बसून मला कुरवाळत असायचा. तिचा राग मला कळायचा, पण कळतो म्हणून आवडायलाच हवा असं कुठाय? ती माझ्यावर मुद्दाम ओले टॉवेल टाकायची. मी मुद्दाम तिच्या वाटेत उभी असायचे.

एकच गोष्ट विचित्र होती. आत भांडी घासता घासता ती मधेच ओरडायची, "चढलं." म्हणजे सूर वर गेला. आणि खरंच गेलेला असायचा. मुक्या काही न बोलता बोट जरा मागे घ्यायचा. संगीतावर त्या दोघांचं आयुष्यभरात झालेलं बोलणं एवढंच. मला वाटायचं, बाई आमच्या चुका काढायला टपलेली आहे.

आता सरकारची गोष्ट. सरकार म्हणजे बँडचा म्होरक्या, कीबोर्ड वाजवायचा. चौघांचा बँड होता, जॅझ फ्यूजन वाजवायचे. जॅझची अक्कल आणि रॉकचा दणका असं काहीतरी ते मिश्रण. त्यांची एकच धून खरी गाजली, आणि ती सुरू व्हायची ती एकट्या माझ्यावर. दुसरं कुणी वाजवत नाही, फक्त मी, खालून वर चढणारी एक ओळ. ती ओळ मुक्यानं आमच्या बाल्कनीत बसून बांधली. मी होते ना तिथं. रेकॉर्डच्या कव्हरवर मात्र 'संगीत' म्हणून सरकारचं नाव.

"राहू दे," मुक्या म्हणाला.

"तुझं राहू दे राहू दे ऐकून माझे कान किटले," बायको म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा तिचं म्हणणं मला पटलं. तिला कळू दिलं नाही.

पुढे एकदा दौऱ्यावर सरकारनं गाडीत स्वतःच्या कीबोर्डची अवजड पेटी माझ्यावर ठेवली. गाडी खड्ड्यात आदळली आणि माझा ब्रिज उखडला. तारा खालच्या टोकाला ज्या धातूच्या तुकड्यात अडकतात, तो ब्रिज. स्क्रू लाकडाचे टवके घेऊन बाहेर आले. सरकार म्हणाला, "बेस काय, नवी घेता येते." पेटीला ओरखडा आलाय का ते मात्र वाकवाकून तीनदा पाहिलं त्यानं.

मुक्यानं मला घरी आणलं. पुन्हा तेच टेबल. जुनी भोकं फाटलेली, म्हणून त्यानं ब्रिज जरा वर, मानेकडे सरकवून नवी भोकं पाडली. बायकोनं माझी मान दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली होती. तिला तेवढंच हवं असणार.

"पण मग रेघा चुकतील की," ती म्हणाली.

"चुकू देत. बोट रेघेच्या अलीकडे ठेवीन."

झालं. तेव्हापासून माझ्या मानेवरच्या रेघा खोटं बोलतात. खरा सूर रेघेच्या किंचित अलीकडे असतो. आधी आधी स्वयंपाकघरातून "चढलं, चढलं" चा मारा व्हायचा. मग हळूहळू तो कमी झाला. मुक्याचं बोट त्या चुकीच्या घरात रुळलं आणि माझा आवाज कधी नव्हता इतका माझा झाला.

सरकारला हे कधी कळलंच नाही. त्याला कळायला माझ्याकडे बघावं लागलं असतं. थोड्याच दिवसांत त्यानं मुक्याला बँडमधून काढलं. म्हणाला, "बेसची ओळ मी कीबोर्डवर डाव्या हातानं वाजवतो. वेगळा माणूस कशाला पोसायचा?" मुक्या "हं" म्हणाला, मला बॅगेत घातलं आणि घरी आला. त्यानंतर तो माझ्याबरोबर घरातच बोलत राहिला, अगदी फुप्फुसाचं दुखणं होऊन त्याला दवाखान्यात नेईपर्यंत. तिथून तो परत आला नाही.

ज्यांनी वर्षानुवर्षं साधी विचारपूस केली नव्हती, ते सगळे दार वाजवत आले. सरकार सगळ्यात पुढे. डोळ्यांना रुमाल लावून म्हणाला, "वहिनी, त्याच्या आठवणीत कार्यक्रम करतोय. त्याचीच गिटार स्टेजवर वाजली पाहिजे. मग मी ती माझ्या स्टुडिओत काचेच्या कपाटात ठेवीन. जन्मभर."

"घेऊन जा," बायको म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर नको ती."

एवढंच. घरातली रद्दी द्यावी तशी दिली मला. इतकी वर्षं एका छताखाली काढून शेवटी हे फळ. मी तिला मनात नाही नाही ते बोलले.

सरकारनं मला चकाचक करून घेतलं. मुक्याच्या घामानं काळवंडलेल्या जुन्या तारा काढून टाकल्या, लखलखीत नव्या चढवल्या. त्याच्या अंगठ्यानं झिजलेली जागासुद्धा पॉलिश करून टाकली. लग्नात नवरीला मिरवावं तशी मी स्टेजवर दिव्याखाली उभी, आणि मागे मुक्याचा भला मोठा फोटो. हॉल भरलेला. बायको पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर धरून.

सरकार माईकवर म्हणाला, "तो माझा भाऊ होता. त्याच्याशिवाय मी कुणीच नाही."

मेल्या, त्याच्याशिवाय इतकी वर्षं मजेत वाजवत होतास की.

मग ती धून. माझ्यासाठी एक भाड्याचा वादक आणला होता, जाड भिंगाचा, भला माणूस. त्यानं नीट पाहून बोट बरोबर रेघेवर ठेवलं आणि माझ्या तोंडून असा काही भेसूर आवाज आला की मलाच लाज वाटली. पुढचा सूर त्याहून वाईट. जितका तो मानेवर वर जाई, तितकी माझी अब्रू जाई. लोक खुर्च्यांत चुळबुळायला लागले. कुणीतरी हसलंही. मुक्याची ओळ, मुक्याचा फोटो, आणि लोक हसतायत.

"चढलं."

पहिल्या रांगेतून आवाज आला. मोठा नव्हता, स्वयंपाकघरातून यायचा तसाच होता. वादक थांबला. सगळेच थांबले.

सरकारनं लगेच माईक ओढला. "माफ करा, वाद्य जुनं आहे. उद्याच कारागीर येतोय, मानेवर परत पट्ट्या बसवून घेतोय. मग कुणाच्याही हाती सूर बरोबर येईल."

माझ्या पायाखालची स्टेज सरकली. पट्ट्या बसल्या की मी पुन्हा त्या दांडीवरची, कुणाचीही. काचेच्या कपाटात उभी राहीन, पण मुक्या त्यात कुठेच नसेल.

बायको उठली. पर्स खुर्चीवर ठेवली आणि स्टेजच्या कडेला येऊन त्या भिंगवाल्याला म्हणाली, "वाद्य बरोबर आहे. रेघा चुकीच्या आहेत. अलीकडे घ्या. अजून. हं, आता वाजवा."

त्यानं वाजवलं. नव्या तारा असूनही माझा आवाज आला, जुना, पोटातून. तिनं मान खाली घातली होती आणि प्रत्येक सुराला नुसती हलवत होती, बरोबर, बरोबर, बरोबर. तेव्हा मला अक्कल आली. आमच्या चुका काढायला एवढी वर्षं कुणी कान लावून बसत नाही. मुक्याचं ऐकणारी मी एकटी नव्हते.

ओळ संपली. सरकार टाळ्या मागायला हात वर करत होता, तोवर ती म्हणाली, "हिची बॅग कुठाय?"

"वहिनी, आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. आता मोडलं."

"अहो, घरात धूळ खात पडेल. तुम्हाला वाजवता तरी येतं का?"

"तुमचा डावा हात आहे ना?" ती म्हणाली. "त्यानं वाजवा. पोसावं लागत नाही त्याला."

तिनं मला खांद्यावर घेतलं. किती कुरकुरली वाटेत, पाठ मोडली, मेली काय जड आहे म्हणून. मीही तिच्या गुडघ्यावर दोनदा आदळले. सवय कुठं जाते?

आता मी त्याच्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून उभी आहे. आमचं काही गूळपीठ झालेलं नाही. ओला टॉवेल अजून पडतो अंगावर. तुमच्याकडे एकच मागणं आहे. सरकार अजून माणसं पाठवतो, पट्ट्या बसवायचा खर्चही करीन म्हणतो. त्यानं तुम्हाला आमचा पत्ता विचारलाच, तर माहीत नाही म्हणा.

काल दुकानाला सुट्टी होती. धूळ पुसता पुसता ती खुर्चीत बसली, मला आडवं घेतलं आणि एका तारेवर बोट दाबलं. बरोबर रेघेवर. जाडजूड, बेसूर आवाज निघाला.

"चढलं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि बोट अलीकडे घेतलं.